परत येणारा

डिचोलीत, बसस्टँडमागं, झेवियरच्या दुकानात
पाच रुपयांत तो भेटायचा:
तांबडा सरदार.
पाव जीव उरला की धूर सोडून पळायचा
आणि पुढच्या लेव्हलला नवं चिलखत घालून
तसाच हसायचा.

आम्ही त्याला वैरी समजायचो.
पण त्याची पहिली उडी डावीकडंच.
सोळा वेळा हरला, तरी डावीकडंच.
माझं त्यानं काही मनावरच घेतलं नाही.

वैरी होता रोहिदास गावस.
सोमवारी मी त्याला कोपऱ्यात दाबून हरवलं,
मंगळवारी त्यानं मला, त्याच कोपऱ्यात,
आणि वर विचारलं, "जमलें मरे?"
त्याच्या बोटांची लाल धूळ बटणांवर राहायची,
बापाच्या खनिजाच्या ट्रकवरली.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक विकला.
ते कुठं गेले, झेवियरलाही ठाऊक नाही.
मी दोन महिने एकट्यानं खेळलो,
दुसरी खुर्ची कुणाला दिली नाही.

काल तो गेम मोबाईलवर सापडला.
एका हातात चहा, एका अंगठ्यानं खेळलो.
सरदार हरला, हसला, धूर झाला.
पुढच्या लेव्हलला मी मुद्दाम
उजवी बाजू मोकळी सोडून थांबलो.

आला.
डावीकडंच.
पण आला.