ओ

आमच्याकडं बायकाही म्हणतात, मी येतो, मी जातो.
आई म्हणते, मी भाकरी टाकतो, तू ताट घे.
पुण्याच्या हॉस्टेलवर पोरी हसल्या,
अगं, तू मुलगा आहेस का?
मी गप्प बसलो.
प्रश्न चुकीचा होता,
आणि बरोबर प्रश्न मलाही येत नव्हता.

शर्बरी घाटालची. गुजरीत भावाच्या गाळ्यावर
साज ओवते. चंद्र, कमळ, कासव, मासा,
सगळं लग्न झालेल्यांच्या गळ्यात जायचं.
मराठी माझ्याकडनं शिकली,
म्हणून तीही, मी येतो, मी जातो.
भाऊ विचारतो, हे कुठलं व्याकरण?
मंगळवार पेठेचं, म्हणते.

दर रविवारी तिच्या आईचा फोन.
ओ केमोन आछे?
बंगालीत तो नाही, ती नाही. नुसता ओ.
क्रियापदही चुगली करत नाही.
तीन वर्षं त्या बाई विचारतायत,
ओचा खोकला गेला का, पगार वाढला का,
आणि मी, फाउंड्रीतली वाळू केसांत घेऊन,
त्या एका अक्षरात पाय पसरून झोपतो.

गेल्या महिन्यात पार्सल आलं.
पांढरा झब्बा, छाती बेचाळीस, जावयासाठी.
शर्बरी खूप हसली. मग थांबली.
मी घालून बघितला.
बाह्या दुमडाव्या लागल्या, एवढंच.

मराठीचं उलटं. तिला आधी सगळं ठरवून लागतं.
खुर्ची ती, टेबल ते,
रस्सा तो, तांबडा असो नाहीतर पांढरा.
मामा विचारतो, हाय का कोण मनात? काय करतो?
साज ओवतो, मी सांगितलं.
यात खोटं काय?
तिला विचारा, तीही हेच सांगेल.

परवा आईच्या साजाचा दोरा तुटला.
नेमकी त्याच गाळ्यावर आली.
मावशी, बसा, मी लगेच ओवून देतो.
आई बघत राहिली.
कुणाकडनं शिकलीस गं हे बोलणं?
शर्बरीनं मान वर केली नाही.
मी पायरीवर, हेल्मेट हातात,
अंगात तो झब्बा.
आईनं दुमडलेल्या बाह्या बघितल्या.

मजुरीत घासाघीस केली नाही.
आई. भाजीवाल्याकडनं कढीपत्ता फुकट काढणारी.
पैसे ठेवले, साज कनवटीला लावला,
कोपऱ्यापर्यंत गेली आणि वळून हाक मारली,
अगं ए!

कुणाला, ते कळलं नाही.
दोघींनी ओ दिली.

पिशवी राहिली, म्हणाली.
कोण आणून देतो?