लघु, गुरु

हजेरीत माझं नाव मधे कुठेतरी येतं,
वय मात्र पहिलं.
गोलतकर, शंभा दाजी. हजर.
धोबी तलावची रात्रशाळा, दहावी ब.
बाजूला जमील, दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो.
मागे शेवंता, तिला आठच्या ठोक्याला झोप येते.
दोघंही मला काका म्हणतात
आणि गणिताला माझ्या वहीत बघतात.

दिवसा मी लिफ्टमन.
बॅलार्ड इस्टेट, जुनी इमारत, जाळीचं दार,
पितळेची मूठ, लाकडी स्टूल.
सव्वीस वर्षं वर गेलो आणि खाली आलो.
सर म्हणाले, विस्थापन शून्य, काका.
वर्ग हसला, मीही हसलो.
मग सर म्हणाले, अंतर मात्र शून्य नाही,
ते तुम्ही काढून आणा.
त्या रात्री खोलीवर हिशेब मांडला.
मजले, फेऱ्या, दिवस, वर्षं.
पृथ्वीला वळसा घालायला थोडं कमी पडलं.
जेवणाच्या सुट्ट्या वजा केल्या होत्या मी.

लिफ्ट वर निघते तेव्हा माणूस जड होतो,
खाली सुटते तेव्हा हलका,
हे माझ्या तळव्यांना आधीच ठाऊक होतं.
त्याला सूत्र आहे हे ठाऊक नव्हतं,
आणि पाचव्या मजल्यावरच्या शेटला
नि त्याचा चहा नेणाऱ्या पोऱ्याला
तेच एक सूत्र लागतं, हेही.

मराठीला तेरवणकर बाई.
फळ्यावर कवितेची ओळ लिहून तिच्याखाली खुणा करतात.
अर्धचंद्र म्हणजे लघु, आडवी रेघ म्हणजे गुरु.
गुरु म्हणजे जड अक्षर, म्हणायला दुप्पट वेळ.
मी हात वर केला.
बाई, विज्ञानातलं गुरुत्व आणि हा गुरु
एकाच घरातले का?
बाई थांबल्या, खडू हातातच.
बघून सांगते, म्हणाल्या.
'बघून सांगते' म्हणणारं शिकलेलं माणूस
चोपन्न वर्षांत मला पहिल्यांदा भेटलं.
दुसऱ्या दिवशी पर्स खाली ठेवायच्या आधी,
दारातूनच: एकाच घरातले, गोलतकर.

तेव्हापासून दार लावताना मोजतो.
कडी पडते ती लघु,
जाळी सरकते ती गुरु.
पाचव्यापर्यंत एक ओळ भरते.
वृत्त कुठलं, ते अजून सापडलेलं नाही.

गणिताची मला भीती होती ती एका शब्दाची.
समजा, क्ष ही एक संख्या आहे.
गावच्या शाळेत वाटायचं, मास्तर दटावताहेत:
समजा!
मला समजायचं नाही, मग छडी यायची,
मग एक दिवस मीच गेलो नाही.
इतक्या वर्षांनी कळलं, मास्तर विनवत होते.
नुसतं धरून चला, म्हणत होते.
समजायचं मागाहून.

जूनमध्ये नवी लिफ्ट बसणार आहे,
बटणाची, मजले बोलून दाखवणारी.
मॅनेजर म्हणाला, आता दहावी करून काय करणार?
मी म्हटलं, समजा, पास झालो...
तेवढ्यात तळमजला आला.

एकदा वीज गेली होती, फार वर्षांपूर्वी.
जहाज कंपनीतल्या दस्तूर बाई आणि मी
दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे अडकलो.
चाळीस मिनिटं. काळोख. त्यांनी पेपरमिंट दिलं.
किती राहिलं वर, त्यांनी विचारलं.
अर्धा मजला, मी म्हटलं,
मला तेवढाच अपूर्णांक येत होता.

परवा सरांनी संख्यारेषा काढली,
दोन आणि तीनच्या मधे टिंबं देत गेले,
देत गेले, खडू झिजला,
आणि म्हणाले, ही संपायची नाहीत.
यातल्या काहींना तर अपूर्णांकातही मांडता येत नाही.
शेवंता जागी झाली होती.
मी फळ्याकडे बघत होतो.
तिथं एवढी जागा होती,
आणि मी सव्वीस वर्षं
तिथूनच ये-जा करत होतो.