तेरावा महिना

नकारपत्राच्या बावीस पानांवर
येवुबदारने आधी पेन्सिलीनं खुणा केल्या.
सवयच ती. देसिएच्या छापखान्यात
अकरा वर्षं मुद्रितं तपासली तिने,
स्वल्पविराम उचलून जागेवर ठेवले,
मंत्र्यांच्या भाषणांतली क्रियापदं सरळ केली.

परिच्छेद चौतीस:
‘पहिल्या मुलाखतीत अर्जदार म्हणते, अटक आठ सप्टेंबरला, रात्री आठ वाजता.
दुसऱ्या मुलाखतीत म्हणते, तीन तारखेला, रात्री दोन वाजता.
सबब अर्जदाराचे कथन विश्वासार्ह नाही.’

सबब.
या शब्दाखाली तिने दोन रेघा ओढल्या.

पहिला दुभाषा मनातल्या मनात हिशेब करून सांगायचा.
दुसरा फोनवर होता, कुठल्याशा शहरात,
मागे त्याचं बाळ रडत होतं.
ती म्हणाली, पागुमेची तीन.
तो क्षणभर थांबला. बारा महिन्यांच्या रकान्यात
तेरावा कोंबायचा कुठे?
त्याने नुसती तीन ठेवली.
सप्टेंबर आधीच लिहिलेला होता.

आपल्याकडे तेरावा महिना दुष्काळात येतो.
तिच्याकडे तो दरवर्षी येतो, पाच दिवसांचा,
खिशाच्या तळाशी उरलेल्या चिल्लरीसारखा.
त्यातल्या तिसऱ्या दिवशी पडेल तो पाऊस पवित्र.
पोरं गल्लीत उघडी नाचतात,
बायका पन्हाळीखाली बादल्या लावतात.
ते आले तेव्हा तिचे केस ओले होते.
हे तिने दोन्ही वेळा सांगितलं.
हे कुणी लिहून घेतलं नाही.

आणि रात्रीचे दोन म्हणजे
सूर्य बुडून दोन तास. त्यांचं घड्याळ
अंधारापासूनच अंधार मोजतं.

गुन्हा एवढाच: एकेचाळीस नावांची यादी.
रातोरात उचलून नेलेली मुलं.
बातमी कुणी लिहिली ते तिला ठाऊक नव्हतं, अजून नाही.
पण नावं तिने तपासली.
एकेका आईला फोन करून विचारलं,
तीन ‘ह’पैकी तुमच्या मुलाच्या नावात कुठला?
एक आई म्हणाली, तो आला की त्यालाच विचार.
मुद्रिताच्या कोपऱ्यात तिची आद्याक्षरं होती.
तेवढी त्यांना पुरली.

अपिलाला चौदा दिवस.
न्यूपोर्टची नदी दिवसातून दोनदा ओसरते,
चिखल उघडा पडतो, त्यात रुतलेल्या सायकली दिसतात.
वकील एलेरी प्रिचर्ड म्हणाली, पुरावा हवा.
कशाचा?
महिना असल्याचा.

मग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरून
किराणा दुकानाचं कॅलेंडर उतरलं:
वर संत राफाएल, खाली खाटकाचा फोन नंबर,
कडेला मिरचीच्या मसाल्याचा लाल अंगठा.
परिशिष्ट ज.

न्यायाधीशांनी पानं उलटली. शेवटचं पान
पाच चौकोनांचं, बाकी कोरं.
त्यांनी ते मोजले. चष्मा काढून पुन्हा मोजले.
गृहखात्याचा तरुण वकील उठून म्हणाला,
कॅलेंडर काय, कुणीही छापू शकतं.
येवुबदारला हसू आलं. छापखान्यातलीच ती.
म्हणाली, खरंय, छापू शकतं.
दुभाष्याने हे पुढे सांगितलं की नाही,
कळलं नाही.

निकाल टपालाने येईल.
कॅलेंडर न्यायालयाने ठेवून घेतलं, त्याची पावती दिली.
पावतीवर नाव: येवुदार.

खिडकीपाशी जाऊन ती म्हणाली, ब राहिलाय.
काचेमागची बाई म्हणाली, चालतं तेवढं,
प्रकरण क्रमांक बरोबर आहे ना.
मागे रांग. एलेरीने हळूच बाही ओढली, बस निघेल.
येवुबदारने पर्समधून पेन्सिल काढली,
पावतीवर ठेवली,
दोन्ही काचेखालून परत आत सरकवलं
आणि तिथेच उभी राहिली.