वाऱ्याच्या नावावर

हापशाच्या दांड्यात, आतल्या पोकळीत,
काडेपेटीएवढा एक डबा बसवलाय आम्ही.
दांडा किती वेळा खाली गेला, किती वर आला,
एवढंच त्याला कळतं.
तासातासाला तो मेसेज धाडतो
आणि कितुईच्या ऑफिसात, पंख्याखाली,
माझ्या पडद्यावर एक रेघ हलते.

एकशे चार हापसे आहेत माझ्याकडे.
रेघ झोपली की मी निघतो,
मोटारसायकलला वॉशर, रबरी वाट्या, पान्यांचं गाठोडं बांधून.
पूर्वी महिना महिना जायचा हे कळायला.
बायका कोरड्या नदीची वाळू उपसत बसायच्या
आणि बिघाडाची चिठ्ठी
कुणाच्या तरी खिशात धुतली जायची.
आता तिसऱ्या दिवशी पाणी. हे खरं आहे,
आणि याचा मला गर्व आहे, तोही खरा.

रेघा वाचता वाचता हात ओळखू यायला लागले.
पहाटेचे लांब, भरदार हिसके: कालेक्ये,
खानावळीसाठी सहा पिवळे कॅन.
दुपारी शाळा सुटल्यावर नुसता धिंगाणा,
दांड्याला लोंबकळणारी पोरं, निम्मं पाणी चिखलात.
रविवारी प्रार्थनेच्या वेळी सपाट.

मग म्वांगेनीचा सत्तेचाळीस नंबर.
रात्री दोन चाळीस.
चौदा तोकडे हिसके. थांबा.
नऊ. मोठा थांबा.
पाच.
दुसऱ्या रात्री तसंच. अकरा रात्री.

पाणीसमितीचा हिशेब सरळ आहे:
महिन्याला शंभर शिलिंग, त्यातूनच माझे वॉशर येतात.
ज्याने भरले नाहीत त्याचा कॅन रांगेत नको.
नियम वाईट नाही. नियम नसता
तर हा हापसा केव्हाच भंगारात गेला असता.
अध्यक्ष मुथेंगींचा फोन आला:
"तुमच्या यंत्रात रात्रीचं काही दिसतं का?
आमच्याकडे कुजबुज आहे."

मी गेलो. काही विचारलं नाही.
ओट्याशी ओल होती, आणि ओलीत
एकाच पायाचे ठसे, शेजारी
काठीची गोल गोल भोकं.
बाभळीखाली बसलेल्यांचे पाय
मी पाहिले नाहीत. मुद्दाम.

अहवालात लिहिलं:
'क्र. ४७. दांड्याची खीळ सैल. रात्री वाऱ्याने हलतो.'
रोजचे दहा लिटर, वाऱ्याच्या नावावर.

ऑफिसने लगेच नवी खीळ मंजूर केली.
गेलो, बसवली. जुनी तशी घट्टच होती.
आणि निघताना, कुणी पाहत नाही असं बघून,
दांड्याच्या सांध्यात ग्रीस भरलं, दोन बोटं जास्तच,
कारण तो फार करकरायचा,
आणि रात्री तिथे आवाज लांब जातो.