शेऱ्याचा रकाना

खवळेमामांनी बावीस वर्षं भाव लिहिला,
आधी वहीत, मग सोसायटीने कॉम्प्युटर घेतल्यावर
चौकटींच्या पानावर, एका बोटाने.
निवृत्त होताना त्यांनी मला
किल्ली दिली, शिक्का दिला, आणि एक पेनड्राइव्ह
बिडीबंडलाच्या कागदात गुंडाळून.
आत एकशे चाळीस फायली.
एक 'फायनल', तिच्यानंतरची 'फायनल नवीन',
आणि एक नुसतीच 'हीच खरी'.

काम साधं होतं, सांगायला.
देवगडच्या बंदरात संध्याकाळी जो भाव फुटतो
तो विचारायला फोन येतात,
कणकवलीहून, निपाणीहून, बर्फवाल्यांचे, खानावळींचे.
मी खांद्याने फोन दाबून फाईल खाली-वर सरकवते,
तोवर लिलाव दोन ढीग पुढे गेलेला.
म्हटलं, फायलीलाच एक खिडकी पाडू.
ज्याला हवं त्याने पत्ता लिहावा,
/भाव/सुरमई/आज
आणि खिडकीने उत्तर द्यावं.
'साहेब चहाला गेलेत' हे तिला शिकवायचंच नाही.

यंत्राकडे समजूतदारपणा मात्र कमी.
त्याला बांगडा वेगळा, बांगडो वेगळा,
आणि ज्याच्या शेपटीला चुकून एक मोकळी जागा चिकटलीय
तो तर तिसराच मासा, आजवर कुणी न पाहिलेला.
कुठे पाटी, कुठे टोपली, कुठे किलो.
तारखा तीन तऱ्हांच्या, आणि एके ठिकाणी
अष्टमीनंतर दोन दिसांनी.
सतरा रात्री मी कोलीम निवडावी तसे शब्द निवडले.

आणि मग शेरा.
सगळं तिथेच फुटत होतं.
फाईल उभी असते स्वल्पविरामांवर,
एक स्वल्पविराम म्हणजे एक भिंत,
आणि मामा लिहायचे बोलल्यासारखे:
इंजिन बंद, वारा उलटा, म्हाकूल थोडी, पोर आजारी, परत.
एका रकान्याचे पाच व्हायचे
आणि पोराचा आजार सरकत सरकत
भावाच्या खाली जाऊन बसायचा.

रकानाच काढून टाकायचं ठरवलं होतं.
भाव विचारणाऱ्याला त्याचं काय.
शेवटी अवतरणचिन्हं घातली, दोन्ही बाजूंनी,
बोलत्या माणसाला घालतात तशी.
ओळी सरळ झाल्या.

मामांना दाखवायला लॅपटॉप घरी नेला.
उत्तर महिरपी कंसात उमटलं.
"ही महिरप कशाक गो? गणपती बसवतलंस?"
मग चष्मा कपाळावर, बोट एका ओळीवर.
"हंय शून्य कित्याक घातलंस?"
रिकामं होतं, मामा. सगळीकडे मीच भरलं.
"शून्य म्हणजे होडी गेली, काय गावला नाय.
रिकामा म्हणजे गेलीच नाय.
दर्यात जावन हात हलवीत येणारो
आणि घरी बसणारो, एकच काय गो?"

पुढचे दोन आठवडे मी शून्यं पुसली,
धक्क्यावरच्या जावक वहीशी ताडून.
काही राहिलीही असतील.

आता खिडकी चालू आहे.
दिवसाला दोनशे-तीनशे प्रश्न, बहुतेक सुरमईचे.
एक मात्र रोज, सहा चाळीसच्या सुमारास:
/बोटी/जलदुर्गा

जलदुर्गा रवळू तांडेलची.
गेल्या आषाढात मालप्याच्या माणसाला विकली.
तेव्हापासून तिच्या ओळीत काही नाही.
रवळू लिलावाच्या कठड्यावर बसलेला मला इथून दिसतो,
फोन डोळ्यांशी धरून.
पोराने शिकवलं असणार.

ती ओळ मी काढलेली नाही.
वजन रिकामं. भाव रिकामा.
शेरा, मामांच्या हातचा, अवतरणात:
"रंग नवा दिला, मग विकली, तांडेल बोलला नाही."

तो वाचतो. फोन खिशात टाकतो.
खाली सौंदाळ्याचा भाव फुटतोय,
मला जायला हवं.