फावडाभर जास्त

लायब्ररीची नवी आवृत्ती आली मंगळवारी
आणि दोनशे बारा टेस्ट एका रात्रीत लाल.
बिघडलं काहीच नव्हतं. हर्णैच्या बर्फ कारखान्याचा हिशेब
काल चालत होता तसाच चालत होता,
लाद्या सुटत होत्या, पावत्या फाटत होत्या,
फक्त विचारायची रीत बदलली होती.

पूर्वी आधी अपेक्षित लिहायचं, मग आलेलं.
आता आधी आलेलं, मग अपेक्षित.
इतकंच.
पण दोनशे बारा ठिकाणी इतकंच.

खिडकी लावून घेतली. खाली बंदरात बांगडा उतरत होता
आणि लिलावाची हाळी माझ्या मोजणीत घुसत होती.
एकशे चाळीस, एक्केचाळीस, साडेतीनशे पाटी... पुन्हा पहिल्यापासून.
भाऊजी डोकावून म्हणाले, जाळी शिवण्यासारखंच की हे.
नाही हो. जाळ्याला भोक असतं.

मग आली नौशादची टेस्ट.
नौशाद परकार, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून कतारला गेलेला.
टेस्टचं नाव: वितळलेला बर्फ वजा होतो.
आत त्याने लादी तयार केली होती,
दोन तास उन्हात ठेवली होती,
आणि पुढे काही विचारलंच नव्हतं.
जुनी लायब्ररी अशा मुक्या टेस्टला हिरवं म्हणायची.
नवी म्हणते, विचारलं नाहीस, मग पास कसली?

विचारलं. एक ओळ.
बर्फ वजा होत नव्हता.
तीन वर्षं प्रत्येक होडीला अख्ख्या लादीचं बिल.

पेवेकर मुकादमांना फोन लावला. घसा कोरडा.
म्हटलं, मोठी चूक सापडलीय, लोकांचे पैसे जास्त गेलेत.
ते जेवत होते बहुधा.
"अगो, ते म्हाईत हाय सगल्यांना.
म्हनून तर म्हादू दर लादीमागं
फावडाभर चुरा जास्ती टाकतो."

म्हणजे टेस्ट होती.
धक्क्यावर होती, रोज पहाटे चालत होती,
माझ्या दोनशे बारांत तेवढी नव्हती.

आता कोड नीट केला तर फावडं कोण थांबवणार?
वजाबाकी दोनदा होईल,
एकदा माझ्याकडे, एकदा म्हादूकडे.

दोनशे अकरा हिरव्या.
एक लाल तशीच ठेवून लॅपटॉप मिटला.
उद्या सकाळी खाली जाऊन विचारायचं,
त्याचं फावडं किती किलोचं.