भिंतीचे कान

युवास्कुला, फेब्रुवारी. बाहेर उणे सत्तावीस,
आणि तुइरे म्हणते, बाहेर उकडतंय.
कारण तळघरातल्या त्या पांढऱ्या पिंपाच्या पोटात,
ज्याच्याखाली पायरीच नाही त्या शून्यापासून
जेमतेम केसभर वर,
टांगलंय एक सोन्याचं कडं.

कुणाच्या मनगटातलं नव्हे.
एका केसाच्या जाडीत अशी साठ-सत्तर बसतील.
इलेक्ट्रॉन येतो, वाट फुटते: डावी, उजवी.
तो दोन्हींनी जातो.
अर्धा इकडून अर्धा तिकडून, असं नव्हे हं.
ओइवा तीस वर्षं हेच समजावतोय नव्या पोरांना,
आणि दरवेळी त्याचा कॉफीचा चमचा
हवेतच राहतो.

पलीकडे तो स्वतःलाच भेटतो.
कला जुळल्या तर भरती,
नाही जुळल्या तर स्वतःचाच स्वतःला नकार.
चुंबक जरासा वाढवत नेला की पडद्यावर रेघ
वर, खाली, वर, खाली,
कुणी सावकाश धावदोरा घालावा तशी.

मंगळवारी रेघ सपाट झाली.
एका केबलला गाळणी नव्हती,
तिच्यातून खोलीची ऊब खाली उतरत होती, चोरपावलांनी.
कुणी बघितलं नव्हतं. बघायला कुणी लागतच नाही.
शेजारच्या एखाद्या इलेक्ट्रॉनला नुसता धक्का लागला तरी पुरे,
'डावीकडून गेला बरं का'.
भिंतीला कान असतात,
कानांना मालक असावा लागत नाही.
एवढी बातमी फुटली
की दोन वाटांचं एकमेकींशी बोलणं बंद.

तुइरेच्या खणात दोन पत्रं.
एक सेंदाईच्या प्रयोगशाळेचं.
एक वडिलांचं: होड्यांची शेड आता एकट्याने आवरत नाही.
तीन आठवडे तिने उत्तर दिलं नाही,
तीन आठवडे ती दोन्हीकडे राहत होती,
जपानी आकडे घोकत, डांबराचा वास आठवत.

अंगठ्यावरची चिकटपट्टी सोलत ओइवा म्हणाला,
"मग, सेंदाई ना?"
ती काहीच बोलली नाही.
फक्त खिडकीकडे बघितलं, गोठलेल्या तळ्याकडे.
त्याने कप विसळला, उपडा ठेवला.
तिला स्वतःलाही
तेव्हाच कळलं.

रात्री त्याने तांब्याची पूड भरून नवी गाळणी केली.
पिंप पुन्हा थंड व्हायला दोन दिवस.
शुक्रवारी रेघ हलली. आधीइतकी उंच नाही.
वहीत तिने तारीख लिहिली, तापमान लिहिलं,
'कारण'च्या रकान्यात लिहिलं: एक केबल.
पेन तिथेच टेकून राहिलं,
शाईचा ठिपका पसरत गेला.